इंजिन गार होईपर्यंत

शुक्रवार, १ ऑक्टोबर १९३७

आलं एकदाचं! स्टेशनावरून बैलगाडीत, गोणपाटात गुंडाळलेलं, आणि शेजारी आमचा रमेश असा जपून बसलेला की सगळी आळी दारात आली. समोरच्या कौतिकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आम्हाला वाटलं पोरगा मुंबईहून सून आणतो! ही तर काळी ठेंगणी निघाली की हो!"

काळी आणि ठेंगणी खरीच. पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन, त्याला जोडलेला डायनामो. दोघांनी उचललं की कुठंही नेता येतं. तंबूत सिनेमा दाखवत गावोगाव फिरणाऱ्या कुणाकडून रमेशनं जुनं विकत घेतलं. आमच्या ह्या सिंधीपुऱ्यात विजेच्या तारा येतील तेव्हा येतील — यंदाच्या नवरात्रात आत्यासमोर बल्ब लागलाच पाहिजे म्हणतो.

कारण मला ठाऊक आहे. गेल्या नवरात्रात समईत तेल घालताना अक्कांचा पदर पेटला. मी जवळच होते म्हणून हातानं विझवला. अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. बालविधवा. जन्म ह्याच घरात गेला, आणि देवीच्या दिव्याची मालकी त्यांचीच. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ज्योत दिसेनाशी झाली आहे, पण तेल दुसऱ्या कुणाला घालू देतील तर शपथ!

हे संध्याकाळपर्यंत इंजिनाभोवती घुटमळत होते. जन्मभर मुलांना भूमिती शिकवलेला माणूस — आज नवी पाटी मिळालेल्या पोरासारखा दिसत होता.

रविवार, ३ ऑक्टोबर

रमेश परत गेला. जाण्याआधी सगळ्यांना अंगणात उभं करून धडा दिला. इंजिन अंगणातच, उघड्यावर. पडवीत नाही, पाऊस आला तरी नाही. त्याच्या धुरानं माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो, मरतोसुद्धा. टाकी संपत आली की आधी बंद करायचं. मग गार होऊ द्यायचं. मग नरसाळं लावून पेट्रोल, आणि तेही काठोकाठ नाही. सांडलं तर पुसून काढायचं, टाकीचं झाकण घट्ट लावायचं, डबा लांब नेऊन ठेवायचा, आणि मगच दोरी ओढायची. अंधारात भरायची वेळ आली तर हातातली बॅटरी. कंदील जवळ नाही. विडी तर मुळीच नाही!

कडू, आमचा गडी, ह्यांच्याच वयाचा. विडी हळूच कानामागे सारत म्हणाला, "रमेशभाऊ, गार झालं ते समजंल कसं?"

"हात ठेव. सावकाश राम राम म्हणता आलं की गार."

इंजिनाच्या पाठीवर एक पितळी पट्टी आहे, इंग्रजी मजकुराची. "वाच, कॉन्व्हेंट!" हे म्हणाले. खुशीत असले की मी कॉन्व्हेंट, रागात असले की कोकिळा. वाचून मराठीत सांगितलं. रमेश बोलला तेच होतं, फक्त मोठ्या अक्षरांत.

हे मान हलवत होते. ही मान मला माहीत आहे. डॉक्टर तंबाखू सोडा म्हणाले तेव्हाही अशीच हलली होती.

मंगळवार, ५ ऑक्टोबर, घटस्थापना

घट बसले. तिन्हीसांजेला ह्यांनी दोरी ओढली. पहिल्यांदा नुसतंच खोकलं. दुसऱ्यांदा धडधड सुरू झाली, छपरावरची कबुतरं उडाली, आणि देवघरातला बल्ब लागला!

अक्का पाटावर बसलेल्या. त्यांनी मान वर केली. मग एकदम म्हणाल्या, "दिसली! दिगू, आई दिसली रे मला!"

ह्यांनी तोंड फिरवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. ह्यांना रडताना मी एकदाच पाहिलं होतं — इन्फ्लुएंझाच्या साथीत धाकटे दोघे भाऊ एकापाठोपाठ गेले तेव्हा.

मग अक्कांनी फर्मान सोडलं. दिवसा समई. तिन्हीसांजेपासून बायकांची गाणी संपेपर्यंत समईच्या जागी हा बल्ब. एका दिव्यानं दुसऱ्याला जागा द्यायची, पण मध्ये अंधार नको. "मला दिसतो तोच माझा नंदादीप."

हे म्हणाले, "तू म्हणशील तसं."

बुधवार, ६ ऑक्टोबर

टाकी छोटी आणि बायकांचा उत्साह मोठा. ऐन जोगव्यात इंजिन गचके खात बंद पडलं. देवघर काळंकुट्ट.

"घ्या! बत्ती गुल!" कौतिकाबाई ओरडल्या. "आई, तेल संपलं गं तुझं!" बायका खिदळल्या.

अक्का हसल्या नाहीत. "दिवा गेला?" एवढंच विचारलं. हात पुढे केलेला, तसाच हवेत. इंजिन तापलेलं होतं म्हणून हे थांबले, मग भरलं, मग पुन्हा लावलं. तेवढा वेळ अक्का तशाच बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला तर गार पडलेला!

बायका गेल्यावर मला म्हणाल्या, "कोकिळा, माझं कुंकू गेलं त्या वर्षी नवरात्रात दिवा विझला होता. मी लहान होते, झोप लागली गं. दिवाळीच्या आत निरोप आला. तेव्हापासून डोळ्यात तेल घालून जपलाय. साथीत घर रिकामं झालं, पण दिगू वाचला. का वाचला? दिवा होता म्हणून. आता एवढा एकच उरलाय मला."

हे दाराआड उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

आज बत्ती गेली नाही. का गेली नाही ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. इंजिन धडधडतंय आणि हे त्याच्यावर वाकून नरसाळ्यातून पेट्रोल ओततायत! शेजारी कडू कंदील धरून! दोन थेंब तापल्या नळीवर पडले. चर्र झालं आणि वाफ उडाली.

"अहो! आधी बंद करायचं ना?"

"हळू बोल. अक्का ऐकेल."

"ऐकू दे!"

"समईत तेल घालताना समई विझवतो का आपण? तेवत्या दिव्यातच घालतो ना? आजवर घालत आलो."

"ही समई नाही हो."

"अक्काची समईच आहे ही. आणि तुझ्या सिस्टरनी इंजिनं शिकवली होती का, कॉन्व्हेंट?" वर हसले!

कडू खाली मान घालून म्हणाला, "बाई, मालक बोल्ले कंदील धर, तं म्या धरला."

ह्या घरात जन्मलेल्या माणसाचा हात असाच वळणार. तेवत्या दिव्यात तेल घालणं हे पुण्य, दिवा थांबवणं हा अपशकुन. पण तेलाला पेटायला वात लागते. पेट्रोलची नुसती हवासुद्धा पेट घेते, रमेशनं बजावून सांगितलं होतं.

अक्का दिवा जपतात तो ह्यांचा जीव राहावा म्हणून. आणि हे स्वतःचा जीव घालतायत त्या दिव्यात! वर मला शपथ — अक्काला सांगायचं नाही.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

आज दिवसभर शाळा आठवत राहिली. कॉन्व्हेंटच्या प्रार्थनाघरात लाल काचेचा एक दिवा कायम तेवत असे. सिस्टर अग्नेस त्याची काच पुसायच्या, तेव्हा आधी त्याच्यावरून एक बारकी मेणबत्ती पेटवून माझ्या हातात द्यायच्या. "नीट धर. आता तूच तो दिवा." मी परकराला हात पुसून ती धरायची. खोकला आला तरी दाबायची. काच पुसून होईपर्यंत सगळ्या शाळेचा देव माझ्या मुठीत!

आणि लग्न होऊन ह्या घरात आले, तर पहिल्याच नवरात्रात अक्कांनी तेच केलं. समईची काजळी काढण्याआधी तिच्यावरून निरांजन लावलं आणि माझ्या हातात दिलं. मला तेव्हा आरतीही धड येत नव्हती. आळीतल्या बायका "मॅडम आली, मॅडम आली" म्हणून हसायच्या. अक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हसा की. हिचा हात बघा किती स्थिर आहे." त्या दिवसापासून मी ह्या घरची. काजळी काढायलाही त्यांनीच शिकवलं — तान्ह्या बाळाच्या डोळ्यातली चिपडं काढावीत तशी, हळू.

दुपारी ह्यांना म्हटलं, इंजिन बंद करायच्या आधी समई लावू. समई तेवत राहील, इंजिन गार होईल, मग भरा.

"तिला समई दिसत नाही, कोकिळा. तिच्यासाठी तो अंधारच."

कोकिळा म्हणाले. म्हणजे विषय संपला.

संध्याकाळी पुन्हा तसंच भरलं. काही झालं नाही. काही झालं नाही हेच वाईट — उद्या अजून धीट होतील. कडूला तापीवरून बादलीभर वाळू आणायला सांगितली. अंगणाच्या दाराशी ठेवली आहे. भांडी घासायला आणली म्हटलं.

शनिवार, ९ ऑक्टोबर, ललिता पंचमी

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

आज देवघर बायकांनी भरलेलं. गाणी रंगलेली. हे गुपचूप उठून अंगणात गेले तशी मीही उठले. इंजिन चालू. कडूचा कंदील आज जास्तच जवळ, कारण "मालकाले दिसंना." मी दारातून "अहो" म्हणते न म्हणते तोच — भक्! नरसाळं पेटलं. ह्यांनी ते फेकलं, पण बाही पेटली. टाकीच्या तोंडाशी निळी-पिवळी ज्वाळा. कडूनं धोतराचा सोगा टाकून ह्यांचा हात गुंडाळला आणि ह्यांना मागे ओढलं. मी बादली उचलली. मला आता भरली घागर उचलवत नाही, पण ती बादली उचलली! सगळी वाळू टाकीवर उपडी केली. इंजिन गुदमरून थांबलं. ज्वाळाही गेली. पेट्रोलचा मोठा डबा आज कुंपणापाशीच राहिला होता, ह्यांच्या हातात नुसता तांब्या होता, ही देवीचीच कृपा.

आतून अक्कांचा आवाज. "दिवा गेला! दिगू! दिगू कुठाय?"

"इथंच आहे, अक्का," हे म्हणाले. आवाज अगदी साधा. मनगटापासून कोपरापर्यंत लाल झालं होतं, उजवी भिवई जळून गेलेली, आणि हे म्हणतायत, "इथंच आहे. दोरी तुटली जरा."

बायकांना मी घरी पाठवलं. कौतिकाबाई जाताना ह्यांच्याकडे बघून काहीतरी विनोद करणार होत्या. माझं तोंड पाहिलं आणि नुसता माझा हात दाबला.

हाताला गार पाणी घालत बसले. हे म्हणाले, "रागावलीस, कॉन्व्हेंट?" मी पाणी घालत राहिले.

रविवार, १० ऑक्टोबर

अक्कांपासून काही लपतं का!

सकाळी हे रोजच्यासारखे त्यांच्या पाया पडले. अक्का रोज ह्यांच्या तोंडावरून हात फिरवतात आणि कानशिलावर बोटं मोडतात. साठीच्या भावाची दृष्ट! आज हात मध्येच थांबला.

"दिगू, भिवई कुठं गेली?"

"न्हाव्यानं उडवली."

"नवरात्रात न्हावी?"

खोटं बोलायचं तर तेवढं तरी धड बोलावं!

"हात दे. हा नव्हे, दुसरा." बांधलेल्या हातावर त्यांची बोटं फिरली. "कोकिळा, तू सांग."

शपथ मोडली. सगळं सांगितलं. चालू इंजिनात पेट्रोल, कंदील, नरसाळं, वाळू, सगळं.

अक्कांनी तो हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "कुणासाठी केलंस हे?"

"तुझ्यासाठी."

"आणि मी दिवा कुणासाठी जपते रे, गाढवा? तूच राहिला नाहीस तर तो दिवा काय चाटायचाय मला?"

"तू अंधारात हात पुढे करून बसतेस, अक्का. मला नाही बघवत."

"मग नको बघू!" आणि रडायला लागल्या. हे त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसले. दोघांचे केस पांढरे. मी उठून जाणार होते, पण समोर समई तेवत होती आणि मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी अक्कांचा हात धरून तिच्याजवळ नेला.

"दिसते?"

"नाही गं. कुठली दिसायला?"

अजून जवळ नेला. अक्का एकदम थबकल्या. तळवा आपणहून वळवला, ज्योतीकडे, थंडीत शेकोटीकडे वळवतात तसा.

"लागते," म्हणाल्या. "ऊब लागते गं हिची."

बराच वेळ तसाच हात ठेवून बसल्या. मग डोळे पुसून आवाज चढवला. "ऐक रे दिगू. आजपासून ही आधी लागेल, मग तुझं ते धूड बंद होईल. ते गार होईपर्यंत मी हिच्यापाशी बसेन. आणि चालू इंजिनात थेंब जरी घातलास तर नवमीचा नैवेद्य नाही तुला."

सोमवार, ११ ऑक्टोबर

कालचा दिवस इंजिन झाडण्यापुसण्यातच गेला. आज पुन्हा लावलं. टाकी तळाला आली तशी मी समई लावली, अक्कांचा तळवा तिच्यापाशी नेला — जवळ, पण पदर लांब, खोचलेला — आणि हाक दिली. इंजिन थांबलं.

काय शांतता झाली! इतके दिवस त्या धडधडीवर ओरडून गाणाऱ्या बायकांना स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. कौतिकाबाई म्हणाल्या, "अगं बाई! इतकं बेसूर गातो आपण? इंजिनाचे उपकारच होते म्हणायचे!"

अक्का खदखदून हसल्या. हात समईपाशी, दात एक नाही, आणि हसू असं! मग अंगणाकडे तोंड करून, "कडू! झालं का गार?"

"नाही अक्का! अर्ध्या रामावरच हात उचलावा लागला!"

"म्हणा गं अजून एक जोगवा."

अजून एक म्हटला. मग आणखी एक. पुढे कडूचं राम राम पुरं झालं. हे बॅटरीच्या उजेडात सावकाश पेट्रोल भरत होते, बांधलेला हात छातीशी. काठाच्या खाली थांबले. पुसलं. झाकण लावलं. डबा कुंपणाशी नेऊन ठेवला. तेवढं सगळं झाल्यावर माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर, कॉन्व्हेंट?"

दहातले साडेनऊ दिले. अर्धा भिवईचा कापला.

मंगळवार, १२ ऑक्टोबर, अष्टमी

वारा होता. दोन गाण्यांतच गार झालं. ह्यांच्या हाताचे फोड बसतायत.

बुधवार, १३ ऑक्टोबर, नवमी

आज बायका नव्हत्या, आपापल्या घरी होमाला. आम्ही तिघं आणि अंगणात कडू. इंजिन गार होईपर्यंत जोगवा मी एकटीनंच म्हटला. मग ह्यांनी भरलं, पुसलं, दोरी ओढली. धडधड सुरू झाली.

अक्कांनी समईपाशचा हात काढून दोन्ही हात जोडले. मान वर केली. चेहरा फुलला. "आला बघ दिवा! कोकिळा, आई कशी लख्ख दिसतेय!"

बल्ब लागलेला नव्हता. तार कुठंतरी निसटली असावी.

म्हणजे पहिल्या दिवसापासून नुसता आवाज —

हे दारात येऊन उभे राहिले. बल्बकडे पाहिलं. मग अक्कांच्या तोंडाकडे.

"हो अक्का," म्हणाले. "लख्ख."